पूर्ण नावाचा केक

पाव संपले होते आणि रांगेत तिच्या मागे कुणीच नव्हतं, म्हणूनच बेकरीवाल्याला बोलायला वेळ सापडला.

"उद्यासाठी एक बाजूला ठेवतो. नाव सांगा."

तिनं सांगितलं. त्याचा चेहरा कोरा झाला. तिला हे नवं नव्हतं. मावशीच्या मते हे नाव म्हणजे जिभेला व्यायाम, काकांना ते खोकल्याच्या औषधाचं वाटे, आणि भावानं तर लहानपणीच हात टेकून तिची भिंगरी करून टाकली होती.

"भिंगरी म्हणा, सोपं पडेल," ती म्हणाली.

"नको... तेच पुन्हा सांगा ना." पीठ लागलेल्या भुवया उंचावून तो ऐकत राहिला, आणि ती उगाचच लाजली.

त्यानंतर तिच्या घरी पाव जरा जास्तच खपू लागला. बोलणं वाढलं, हसणं वाढलं. पण हाक मारायची वेळ आली की त्याचं आपलं "अहो". तिला ते लागायचं. म्हणजे यालाही आपलं नाव जडच! वाढदिवसाचा केक सांगताना ती घुश्शातच म्हणाली, "त्यावर भिंगरी लिहा."

केक न्यायला गेली, तर गल्ल्यावर त्याची आई होती. आईनं खोका उघडला. भिंगरीचा पत्ताच नव्हता. होतं ते तिचं पूर्ण नाव, एका ओळीत मावेना म्हणून कडेकडेनं गोल फिरवलेलं.

"मी दुसरं सांगितलं होतं," ती पुटपुटली.

"ते या माझ्या लेकालाच विचार. नाव तोंडात बसल्याशिवाय याचा हात चालत नाही. गेला महिनाभर भट्टीपाशी तुझंच घोळवतोय, आता मलाही पाठ झालंय," असं म्हणून आई मुद्दाम आत निघून गेली.

तो मागेच उभा होता, कानापर्यंत लाल.

"मग हाक का नाही मारलीत कधी?"

"चुकलो असतो तर... तुम्ही दुसरीकडून पाव नेला असता."

"आता मारून बघा."

त्यानं हात पुसले, घसा साफ केला आणि तिचं नाव उच्चारलं — सावकाश, कुठेही न अडखळता. आपलं नाव इतकं गोड आहे, हे तिला आज कळलं. डोळे भरून आले, आणि हसूही फुटलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "नावासकट."

"मग 'तुम्ही' कशाला?"

तो गडबडला. "घरी... घरी सगळे केकची वाट बघत असतील ना?"

"बघू देत," ती स्टूल ओढून बसली. "आधी पुन्हा एकदा म्हण."