न उमटणारे ठसे

"ताई, तो दगड म्हणजे मी आहे."

नतेर्सियाने मान वळवली. पहाटेपासून ती दिली शहरातल्या, समुद्रकाठच्या पोर्तुगालच्या वकिलातीबाहेर उभी होती. पाय भरून आले होते, झाडाखालची सावली इतरांनी पटकावली होती, आणि आता हा विस्कटलेल्या केसांचा उंच मुलगा, तिने नुकताच लाथेने उडवलेल्या दगडाकडे बोट दाखवत होता.

"काय म्हणालात?"

"कॉफी प्यायला गेलो होतो. जागा राखायला ठेवला होता. सगळेच ठेवतात."

खरंच, रांगेत कुणाची चप्पल होती, कुणाची पाण्याची बाटली. पण नतेर्सियाचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं.

"दगड आहात ते दिसतंच आहे. मागे उभे राहा."

रांग खुदखुदली. तो मात्र चिडला नाही. दगड शर्टाला पुसून तिच्या मागे उभा राहिला. "दगडाचं नाव अबिलियू," तो हळूच म्हणाला.

तिने ओठ घट्ट मिटले… हसू फुटेल की काय, या भीतीने.

खरं तर राग त्याच्यावर नव्हताच. आयर्लंडमध्ये कोंबड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या दोमिंगूने, तिच्या मोठ्या भावाने, फोनवरच सगळं ठरवून टाकलं होतं. पोर्तुगालचा अंमल असताना जन्मलेल्या वडिलांमुळे भावंडांना पोर्तुगालचंही नागरिकत्व मिळालं होतं, आणि त्यावर आयर्लंडमध्येही काम करता यायचं. आता पासपोर्ट तेवढा काढायचा, की निघाली नतेर्सिया! आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. मावशीच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या नतेर्सियाला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिच्या मैत्रिणी अशाच एकेक करून गेल्या होत्या. लग्नात अर्धे पाहुणे फोनच्या पडद्यावरून हात हलवायचे. तिला संताप यायचा, आणि तो काढायचा कुणावर हेच कळायचं नाही.

खिडकीपलीकडची बाई फोटो काढताना म्हणाली, "चेहरा जरा सैल सोडा."

"माझा चेहरा असाच आहे."

"खरंय, बाई," मागून आवाज आला. "सकाळपासून असाच आहे."

फोटो निघाला, पण तिच्या नावातलं एक अक्षर इथल्या आणि तिथल्या दाखल्यांत जुळेना. दुरुस्ती करून पुढच्या महिन्यात या, असं उत्तर मिळालं. धुसफुसत ती वळली, तोच अबिलियूचे ठसे घ्यायला सुरुवात झाली. एक बोट, दुसरं बोट… काही उमटेचना. तो गवंडी होता. नदीतले दगड फोडून कुंपणाच्या भिंती रचायचा. बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या.

"हातांना विश्रांती द्या, तेल लावा, आणि पुढच्या महिन्यात या," बाई म्हणाली.

तो मुकाट्याने निघालाही. नतेर्सिया मात्र परत खिडकीशी गेली.

"विश्रांती द्या म्हणे! तोवर यांना जेवायला तुम्ही घालणार? हाताने काम करणाऱ्याला बोटं नसतात का?"

"तुम्ही यांच्या कोण?"

"कुणी नाही!"

बाहेर समुद्राचा वारा तोंडावर आपटत होता. तो तिची वाट पाहत थांबला होता.

"कुणी नाही ताई… कॉफी घेणार?"

तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. आणि घेतली.

मग पुढच्या महिन्यातही ते भेटले, त्याच्या पुढच्याही. भिंतीला टेकून नारळाच्या पानांत शिजवलेला भात खाताना ती दोमिंगूवर तणतणायची. तो ऐकायचा, मध्येच एखादा खडा टाकायचा.

"भावावर इतका राग? नवऱ्याचं काय होणार?"

"तो बोलणारच नाही."

"मग जमेल. मी कमी बोलतो."

"तू?" ती उसळली. त्या क्षणी 'तुम्ही' गळून पडलं, आणि दोघांपैकी कुणीच ते उचललं नाही.

आणि एका गुरुवारी तिचा पासपोर्ट आला. लाल, कोरा, तिच्या रागीट फोटोचा. त्याच दिवशी अबिलियूची बोटं पुन्हा उमटली नाहीत. नतेर्सिया पुन्हा खिडकीवर तुटून पडली. पण भांडता भांडता तिची नजर त्याच्या हातांवर गेली. कातडीवर ताजे ओरखडे होते, नखांत पांढरी धूळ. भांडण तिथेच सोडून ती त्याला बाहीला धरून बाहेर घेऊन आली.

"काल दगड फोडलेस?"

"…हो."

"तेल?"

"नाही लावलं."

"इतके महिने?"

तो समुद्राकडे बघू लागला.

"अरे, मी त्या बाईशी भांडले! दर वेळी! घसा कोरडा केला तुझ्यासाठी! आणि तू मुद्दाम…"

"बोटं उमटली असती तर पासपोर्ट निघाला असता. पासपोर्ट निघाला असता तर परदेशातल्या माझ्या काकाने लगेच तिकीट काढलं असतं." तो अडखळला. "आणि तू… तू पुढच्या महिन्यात इथे असणार होतीस ना."

नतेर्सियाचे कान तापले. त्याला ढकलून द्यावं, असं तिला वाटलं. पण आवाज निघाला तो वेगळाच.

"अबिलियू, तुला जायचंय का?"

त्याने चमकून पाहिलं. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारतेय."

"नाही. आणि तुला?"

तिने हातातल्या पासपोर्टकडे पाहिलं. दोमिंगू ओरडणार होता, आई रडणार होती. तरीही पहिल्यांदाच तिचा राग शांत, ठाम झाला.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "कधीतरी जाईनही. मला वाटेल तेव्हा, कुणी ढकललं म्हणून नाही. आज नाही."

"मग मी… म्हणजे आपण…"

"नीट बोल. ऐकू येत नाही."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, नतेर्सिया."

"इतके महिने लागले?" ती कडाडली, आणि डोळे भरून आले म्हणून आणखीच चिडली. "माझंही आहे. आता हसू नकोस! रविवारी प्रार्थना झाली की आईला भेटायला ये. शर्ट इस्त्री करून ये. आणि माझा भाऊ फोनवर ओरडला, तर खाली मान घालायची नाही, समजलं?"

"समजलं."

"चल, भूक लागलीय," असं म्हणत ती भाजलेल्या माशांच्या टपरीकडे तरातरा निघाली. अर्ध्या वाटेवर मात्र तिने चाल मंद केली, त्याला गाठता यावं म्हणून.