न फाडलेला कोपरा

सत्यभामाताईच्या त्या पत्राला केशवरावांनी उत्तर दिलं नव्हतं... आळसाने नव्हे, रागाने तर नव्हेच! अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या त्या भिडस्त माणसाला स्वतःचं एक वाक्यही कधी खात्रीचं वाटलं नव्हतं, आणि इथे तर थोरल्या बहिणीने आपलं मरणच विचारलं होतं.

"केशव," तिने लिहिलं होतं, "मी अकोल्याले अमोलच्या घरी आहो. अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला, एवढं मले ठाऊक आहे. रक्तातला आकडा उतरून राहिला, आई बरी होऊन राहिली, असं पोरगं म्हणते. डॉक्टर त्याच्याशीच बोलते. तू वाचणारा, तू खरं सांग. फोन नको, तो बाजूलेच असते. लक्षण चांगलं असन तं पत्राच्या कोपऱ्याले हळदकुंकू लाव, नसन तं कोपरा फाड. मंग मी सुया सोडून पातूरले माह्या घरी जाईन."

कोपरा फाटलेलं, म्हणजे मरणाची बातमी देणारं, कार्ड आलं की मोठी माणसं ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकत. दोघांनी लहानपणी ते पाहिलं होतं.

अमोल प्रत्येक रिपोर्ट मामांना फोनवर पाठवत असे. सीए-१२५ नावाचा तो आकडा सोळाशेवरून चौदाशे झाला, मग तेराशे. त्या घरात तो तापासारखा मोजला जाई. उतरला ना, मग देवापुढे साखर! केशवरावांनी मात्र वाचलं होतं, की नुसतं उतरणं पुरेसं नसतं. पहिल्या काही केमोंत तो किती झपाट्याने उतरतो, यावर पुढचं बरंच ठरतं. ताईचा आकडा पाय ओढत उतरत होता... पण ग्रंथांत शेकडो बायका होत्या, आणि ताई एकच. शिवाय आपण कोण? डॉक्टर थोडेच? हळद लावावी तर ते खोटं, आणि कात्री घेतली की ती पुन्हा खणात जाई. पत्र टेबलावरच राहिलं.

भाऊबीजेला मात्र जाणं चुकवता येईना.

ताई खाटेवर होती, डोक्याला रुमाल. ओवाळून झाल्यावर ती हसली, "पाह्य, दोघंही टकले झालो!" आणि अमोल पाणी आणायला आत जाताच हळूच म्हणाली, "कोपरा नाही फाडला तू. मी रोज पोस्टमनची वाट पाहे. फाटकं कार्ड नाही आलं, म्हणजे आशा आहे, असं समजून सुई घेत गेली... लय जड जाते रे केशव!"

केशवराव खाटेजवळ सरकले. आपलं मौन तिने हळदकुंकू समजून जपलं होतं!

"ताई... आकडा उतरतो आहे, पण फार हळू. औषध हवं तसं लागू पडत नाही, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल..."

दारात तांब्या आदळला. "मामा! सणाच्या दिवशी हे काहून बोलता तुमी? आकडा कमी नाही झाला का?"

"ओरडू नको त्याच्यावर," ताई म्हणाली. "मीच विचारलं. तुह्या तोंडाकडे पाहूनच तं सुया घेत होती मी, बापू."

अमोल मटकन खाली बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला... "मले तू पाहिजे होती ना वं आई!"

पुढच्या तपासणीला तिघेही गेले. डॉक्टर प्रथमच तिच्याकडे पाहून बोलले. केशवरावांची भीती खरी होती. दुसरं औषध देऊन पाहता येईल, पण त्याचीही खात्री नाही. ताईने नको म्हणून मान हलवली. तिला पातूरच हवं होतं. दुखणं दाबायची औषधं तिथे मिळण्याची सोय डॉक्टरांनी लावून दिली.

निघताना ती म्हणाली, "माह्या पत्राचं उत्तर बाकी आहे. पातूरच्या पत्त्यावर टाक. तोंडानं बोललेलं मी इसरते."

अमरावतीला परतल्यावर केशवरावांनी एकही ओळ न खोडता लिहिलं:

"ताई, आकडा आजाराची चाल सांगतो, तुझे दिवस मोजून देत नाही. खूण करत नाही, लिहूनच सांगतो, लक्षण चांगलं नाही. मी उशीर केला, त्यात तुला फार सोसावं लागलं. पुढच्या आठवड्यात पातूरला येतो, राहायलाच येतो. वाचून दाखवायला पुस्तकं आणतो."

हळदीची डबी समोर होती, कात्रीही होती. त्यांनी दोन्ही बाजूला सारल्या, चारही कोपरे शाबूत असलेलं ते पत्र पाकिटात घातलं आणि चौकातल्या पेटीत टाकलं.