हरणीच्या अंगातला हापसा

मुक्ताला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. गेल्या वर्षी व्यायच्या आधी हरणीला जितकं कॅल्शियमचं औषध पाजलं, तितकं गोठ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच गाईला पाजलं नव्हतं. आणि व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून बसली कोण? हरणीच! कान गार, मान कुशीकडे वळलेली. डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं म्हणून वाचली बिचारी.

यंदा हरणी पुन्हा गाभण होती. मुक्ताच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिला नुकतंच आटवलं होतं (व्यायच्या आधी विश्रांती मिळावी म्हणून दूध काढणं थांबवलं होतं). मुक्ता औषधाची बाटली घेऊन गोठ्यात आली, तर दगडूनं हात आडवा घातला.

दगडू हा दूधसंघाचा यंत्रमानव. रुसला की जागचा हलत नसे, म्हणून गावानं त्याचं हे नाव ठेवलेलं. हरणीच्या कानातल्या बिल्ल्यावरून तिच्या रक्तात कॅल्शियम किती आहे, ते त्याला बसल्या जागी कळायचं.

"हे आत्ता पाजायचं नाही," तो म्हणाला.

"आन् पुन्हा पडली म्हंजे? तू उचलणार हैस व्हय तिला?"

"आधी तो हापसा मार बघू."

गोठ्यामागे जुना हापसा होता. घरात नळ आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मुक्ता दांड्याला अक्षरशः लोंबकळली. हापसा नुसता कुरकुरला, पाण्याचा टिपूस नाही.

"खाली पाणी नाही का?" दगडूनं विचारलं.

"रग्गड हाय. पर ह्योच गंजलाय. नळाला रोज पाणी येतंय, मग हापसतंय कोण?" बोलता बोलता मुक्ता थबकली. "दगडू, हरणीच्या अंगात बी असला हापसा असतोय?"

दगडूचे दिवे लुकलुकले. "शाब्बास! गाईच्या हाडांत कॅल्शियमचं कोठारच असतं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की मानेतल्या परावटू ग्रंथी (इवल्याशा गाठी) संप्रेरक सोडतात (रक्तातून निरोप नेणारं रसायन). निरोप पोचला की हाडं साठा मोकळा करतात, आतडंही चाऱ्यातलं कॅल्शियम जास्त शोषून घेतं. पण गाय आटवली की दुधातून जाणारं कॅल्शियम थांबतं. त्यात आपण वरून बाटल्या ओतल्या, तर..."

"नळ चालू, हापसा गंजला!"

"आणि व्याली की चिकातून एकदम ढीगभर कॅल्शियम जातं. आतला हापसा सुरू व्हायला वेळ लागतो. स्नायूंना तर कॅल्शियमशिवाय नीट हलता येत नाही. मग गाय बसते."

कोडं सुटलं, पण अण्णांना कोण पटवणार?

"गाभण गाईचं औषध तोडतीस?" अण्णा तडकले.

आपलं चुकलं तर हरणी हातची जायची. तरी मुक्ता हटली नाही. तिनं अण्णांना हापशाशी नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी दांडा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि डॉक्टरांना फोन लावला.

"पोरगी बरोबर बोलतेय," डॉक्टर म्हणाले. "व्यायच्या आधी कॅल्शियम हात राखूनच. लसूणघासात ते फार असतं, त्याऐवजी मक्याचा मुरघास घाला. व्याल्यावर काय लागेल ते मी बघतो."

त्या दिवसापासून मुक्ता हरणीला मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) घाली आणि जाता-येता हापसा मारी. दगडूनं त्याला तेल दिलं, नवं वायसर बसवलं. आधी नुसताच आवाज, मग गढूळ पाणी, मग नितळ.

एका सकाळी हरणी व्याली. कालवड झाली. पण बिल्ल्यावर दिसणारा कॅल्शियमचा आकडा घसरू लागला.

"उतरतंय रं, दगडू!" मुक्तानं हरणीचे कान घट्ट धरले.

"थोडं उतरणारच. निरोप गेलाय. दम धर."

आकडा थांबला. जरा वेळानं वर सरकला. हरणीचे कान ऊबदार होते, आणि ती चारी पायांवर उभी राहून कालवड चाटत होती.

"आमच्या मुक्तीनं राखली गाय!" अण्णांनी कुंपणावरून शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं. गावात तोवर तीनदा सांगून झालं होतं.

"हापशाचा धडा मी संघाच्या सगळ्या यंत्रमानवांना पाठवलाय," दगडू म्हणाला. "आता गावोगावच्या गाई उभ्या राहतील. धड्याखाली तुझं नाव आहे."

मुक्ताची मान ताठ झाली. तेवढ्यात हरणी पाण्यासाठी हंबरली, आणि नळ नेमका कोरडा. मुक्तानं बादली उचलली, हापशाखाली ठेवली आणि दांडा दाबला.

पहिल्याच हिसक्याला पाणी आलं.