राजवीरनं अंग धरलं

मोबाईल खिशात घाला रं, आन् ऐका. मुडशिंगीचा हंबीरराव म्हाईत हाय न्हवं, म्हशीवाला? माझ्याच तालमीतला गडी. त्याच्यावर बेतल्यालं सांगतोय, रचल्यालं न्हाई.

गेल्या सालची, बैलांच्या सणाची, बेंदराची आदली रात. म्हशीला ताप भरला, तसा हंबीरराव भरल्या ताटावरनं उठला. कोल्हापुरातनं औषध आणायला गाडी काढली. त्याची बायको, जिला समदी आक्का म्हणत्यात, ती दारातनं म्हणाली, "म्हशीसाठी बरं लगीच पाय निघालं तुमचं."

त्यानं फटफटीला किक मारली.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात घरात समद्यांना व्हायरल झालतं. समदी उठली. पोरगा राजवीर, चांगला पैलवान, त्याचाबी ताप उतरला. पण तोंड सुजलं, पाय सुजलं. लघवी कोऱ्या च्यागत काळी. अंगावर निळं डाग. आक्का म्हणाली, दवाखान्यात न्या. ह्यो शहाणा म्हणतो, "अगं, पोरानं अंग धरलंय. डाग आखाड्यातलं हाईत." आन् दुधाचा आणखी एक तांब्या चालू केला. तालमीतबी पाठ थोपटली पोराची. शेवटी न्हेलं, तवा डॉक्टर म्हणालं, तापाच्या व्हायरसनं रगात बिघडलंय, किडन्या बंद पडल्यात, लई उशीर केलासा. हातातोंडाशी आल्यालं पोरगं गेलं.

तर औषध घेऊन माघारी येताना, उचगावच्या पुढं गाडी जड झाली. हवा गेली म्हणून उतरून बघितलं. चाक टम्म. परत बसला. आणखी जड झाली.

मागनं खांद्यावर हात आला. गार... फुगल्याला.

हंबीरराव वळला न्हाई.

"राजा?"

...

रस्त्यावर चिटपाखरू न्हाई.

"आबा... बघा की. अंग धरलंय न्हवं?"

रडला गडी. रडत रडत गाडी वळवली, परत कोल्हापूरकडं.

"चल बाळा. दवाखान्यात जाऊ. आत्ता जाऊ."

...

दवाखान्याच्या फाटकात वॉचमन म्हणाला, "पावणं, पेशंट कुठाय?"

मागं कोण न्हाई.

घरी येऊन सदरा काढला, तर खांद्यावर चार बोटांचं खड्डं. सुजल्याल्या पायावर बोट दाबलं की पडत्यात, तसं. खांद्याला सूज म्हणशीला तर कणभर न्हाई.

साल झालं त्याला. खड्डं अजून भरलं न्हाईत. मी सोता हात लावून बघितलंय.

गार लागत्यात.