वापर: शून्य

विश्वास ठेवा म्हणत नाही. घडलंय, एवढंच सांगते.

नवीन जालना, बियाणं कंपनीचं ऑफिस. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. भर दुपार. लाइट गेली नव्हती.

काम साधं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमधला न वापरलेला कोड शोधून काढून टाकायचा. त्याचं एक टूल असतं. कुठलं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, किती ठिकाणांहून बोलावलं जातं, ते मोजतं. कुठूनच नाही, तर यादीत.

यादीत एकच ओळ आली...

घंटा_वाजव । लिहिणारा: बद्रीनाथ । वापर: शून्य

बद्रीनाथ माझ्या आधी इथं होता. आमच्या कोल्ड स्टोरेजचं दार आतून उघडत नाही. कुणी अडकलं तर ऑफिसात घंटा वाजावी, म्हणून त्यानं हे लिहिलं. जोडायचं राहिलं. एका शनिवारी दार तपासायला आत गेला. लोक त्याला हसनाबादला, गावी शोधत राहिले.

सोमवारी आतच सापडला.

भिवामामा चहा घेऊन आले. कोल्ड स्टोरेजमधली पोती तेच लावायचे.

"मॅडम, जुनं काढून टाकताय म्हणं. घंटेचं काई काढू नका बरं."

"मामा, ती जोडलेलीच न्हाई. हे बघा. शून्य."

"मंग मला दोनदा बाहेर कुणी काढलं? दार लागलं, घंटा वाजली, ऑफिसातून सोमेश्वर साहेब पळत आल्ते."

मी हसले. "बद्रीनाथ वाजवत असंल."

मामा हसले नाहीत.

"तेच तर म्हणून राह्यलो."

ते पोती लावायला गेले.

मी डिलीट केलं.

तीन वाजले. तीन दहा...

कुठं काही आवाज नाही.

काहीच नाही...

चारला कुलूप लावून घरी गेले. मामा एकटे राहायचे. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं.

सोमवारी

(ही ओळ तीनदा लिहून खोडली.)

सोमवारी कोल्ड स्टोरेजचं दार सोमेश्वर साहेबांनी उघडलं. "घंटा कशी वाजली न्हाई?" एवढंच विचारत राहिले.

मी बॅकअपमधून फंक्शन परत आणलं. या वेळी जोडलं. तीन ठिकाणी. टूल पुन्हा चालवलं.

घंटा_वाजव । लिहिणारा: बद्रीनाथ । वापर: शून्य

पुन्हा जोडलं. शून्य.

आणि खाली...

दार_उघड । लिहिणारा: भिवा । वापर: शून्य

मामांना लिहिता येत नव्हतं. पगाराला अंगठा करायचे.

फाइल उघडली. आत कोड नाही. एकच शब्द, ओळीखाली ओळ. मॅडम. मॅडम. मॅडम. प्रत्येकीपुढं वेळ.

पहिलीपुढं: शनिवार, तीन दहा.

मी तेव्हा ऑफिसातच होते.