लाजाळूची साक्ष

"भोपळ्या पळाला!"

धाकट्या पिटुकलीची किंकाळी ऐकून ताई आणि वकील पोहण्याच्या पिशव्या टाकून मावशीच्या परसात धावले. वकील अकराच वर्षांचा होता, पण वाद घालण्यात मोठ्यांनाही ऐकायचा नाही, म्हणून हे टोपणनाव. भोपळ्या सशाच्या पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं!

"मी कडी लावली होती! शप्पथ!" पिटुकलीचे डोळे डबडबले.

"कालही हेच म्हणालीस," मावशी म्हणाली. "कुत्र्यानं धरलं म्हणजे? आता सापडला की त्याला शेजारी देऊन टाकते."

"काकांना बोलाव ना शोधायला!" पिटुकली मावशीला म्हणाली.

"ते फिरायला गेलेत. डॉक्टरांनी गोड बंद करून चालणं लावलंय ना!"

परसभर लाजाळू माजली होती. काट्याकाट्यांतून वर आलेले गुलाबी गोंडे, जणू पावडर लावायचे इवलेसे पफ! वकील त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"ताई, मधलीच पानं का मिटलीत?"

"अरे, आत्ताच कुणीतरी गेलंय इथून! पानं उघडायच्या आत पळा!"

"आधी चपला घाला! काटे आहेत!" मावशी ओरडली आणि स्वतः अनवाणीच मागे धावली.

मिटलेल्या पानांचे मोठे ठसे लांब लांब पडले होते. मागोमाग मुठीएवढे छोटे.

"चोरानं ससा नेलेला नाही," वकील कुजबुजला. "ससाच चोराच्या मागे लागलाय!"

माग पाण्याच्या टाकीमागे संपला. तिथे पालथ्या बादलीवर काका! मांडीवर बिस्किटांचा डबा, मिशांना चुरा. पायाशी भोपळ्या, त्याच्याही मिशांना चुरा!

"मी... ससा शोधत होतो," काका चाचरले.

"डबा घेऊन?" वकिलानं विचारलं.

"डब्याला पिंजऱ्यातलं गवत चिकटलंय!" ताई म्हणाली. "तिथे लपवता होय? आणि दार?"

"घाईत राहिलं."

"कालही?"

"...कालही."

मावशीनं पायातला काटा काढता काढता पिटुकलीला जवळ ओढलं. "चुकलं गं माझं. भोपळ्या इथेच राहणार. आणि शाबास रे पोरांनो! मी रोज इथे कपडे वाळत घालते, पण ही पानं कधी नीट पाहिली नाहीत."

पिटुकली अजून फुरंगटलेलीच होती. "आजी सांगते, खोटारड्यासमोर लाजाळू मान खाली घालते. काका, तिच्यासमोर शपथ घ्या!"

काका मुकाट गुडघ्यांवर बसले, गुलाबी गोंड्यापुढे हात जोडून वाकले.

"आजपासून एकही बिस्कीट खाणार नाही!"

तेवढ्यात त्यांचं पोट झाडाला टेकलं, आणि लाजाळूनं सरसर सगळी पानं मिटून घेतली!