उजवी तर्जनी

टेबलावर एक स्टॉपवॉच, दोन पेन्सिली, बारा कोरे कागद आणि बोटाचे ठोके मोजायचं एक यंत्र. रामाजी कापगत्यांच्या डाव्या हाताला पाच बोटं, उजव्या हाताला अंगठा धरून चार. समृद्धीने हे सगळं नोंदीत लिहिलं आणि मग पंखा हळू केला.

वैशाली नगरातल्या त्या दवाखान्यात मेंदूच्या कामाची तपासणी तीच करायची. रामाजी बहात्तर वर्षांचे, कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून जुनवानीच्या घरात एकटे. त्यांचा मुलगा अंकुर बंगळुरूहून त्यांना न्यायला आला होता, घराला लावायचं कुलूपही घेऊन. तुटलेलं बोट परत आलं, असं ते दिवाळीपासून सांगत होते.

"बाबा, मॅडमना खरं काय ते सांगा," अंकुर म्हणाला.

"तू चूप बस. पोरगी तपासून राहिली नं? डोकं खराब निघालं तर येतो तुह्या बंगळुरूले. नाई निघालं, तर ते घराचं कुलूप तुह्याच तोंडाले लावजो."

तारीख, वार बरोबर. शंभरातून सात-सात वजा करताना एकही चूक नाही. दहा शब्दांपैकी नऊ अर्ध्या तासानंतरही आठवले. समृद्धीला बरं वाटलं.

मग डोळे मिटून, कोणत्या बोटाला स्पर्श झाला ते ओळखायचं. नऊही बरोबर. शेवटी तिने पेन्सिलीचं टोक तुटलेल्या बोटाच्या खुंटापुढे, रिकाम्या जागेत धरलं. कशालाही न लावता.

"हे अंगठ्याच्या बाजूचं," रामाजी म्हणाले. "टोचू नको."

गेलेल्या अवयवाची खूण मेंदूत राहते, हे तिने वाचलं होतं. पण पेन्सिल कधी पुढे आली, हे मेंदूला कसं कळणार? तिने वीस वेळा करून पाहिलं, मधे मधे पेन्सिल दूर ठेवून. वीसपैकी वीस.

आता यंत्र. लाकडी पाटीवर एक लोखंडी दांडी. तळहात पाटीवर टेकवून फक्त तर्जनीने ती दाबायची. प्रत्येक ठोक्याला आकडा एकाने पुढे सरकतो. डाव्या हाताचे पाच प्रयत्न झाले. उजव्या हातासाठी तिने 'चाचणी शक्य नाही' या छापील ओळीवर खूण केली.

"खूण कावून करून राहिली? हात हाय नं मले?"

"काका, पण बोट..."

"घडी लाव."

त्यांनी तळहात टेकवला. अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये पाटीचं लाकूड दिसत होतं. त्या फटीपुढे दांडी.

तिने स्टॉपवॉच दाबलं.

दांडी खाली गेली.

वर आली. पुन्हा खाली. टक टक टक टक. तळहात जागचा हलला नाही.

दहा सेकंद.

अंकुर उभा राहिला होता. "मशीन बिघडलंय."

समृद्धीने यंत्र उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवलं. स्वतःच्या बोटाने दहा ठोके दिले. आकडा दहा. तिने रामाजींना तिथे बसवलं आणि नियमाप्रमाणे पाच प्रयत्न पूर्ण केले.

"लिहू नका हे," अंकुर म्हणाला. "गावी, उतईला, कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलं ते बोट. बाबा चौतीस वर्षांचे होते. पुरलं तेव्हा मी तिथे होतो, मॅडम. कोई नहीं मानेगा. तुमची नोकरी जाईल."

"लिही पोरी," रामाजी म्हणाले. "जे मोजलं ते लिही. भेव लागून राहिलं का?"

"हो," ती म्हणाली, आणि 'चाचणी शक्य नाही' ही ओळ खोडली.

निष्कर्षाच्या चौकटीत तिने लिहिलं: स्मृती, भान, निर्णयशक्ती उत्तम. स्वतःच्या घरी एकटे राहू शकतात. खाली सही केली. मग कोणत्या वयात सरासरी किती ठोके पडतात, तो तक्ता उघडून उरलेल्या दोन ओळी भरल्या.

डावी तर्जनी: सरासरी ३६ ठोके. वयोगट ७० ते ७४.

उजवी तर्जनी: सरासरी ५४ ठोके. वयोगट ३० ते ३४.